संकेतस्थळाचे डोमेन बदलताना

गूगल, बिंग यांसारखी शोधयंत्रे संकेतस्थळाची नोंद पानापानाने ठेवतात. प्रत्येक पान त्याच्या संपूर्ण वेबपत्त्यावरून ओळखले जाते. त्या पानावर काय मजकूर आहे, बाहेरच्या कोणकोणत्या पानांनी त्याला लिंक दिली आहे, ही सारी माहिती त्या पत्त्याच्या खात्यावर जमा होते. लिंकांवरून पानाचे वजन ठरवण्याची ‘पेजरँक’ ही पद्धत लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात असताना १९९८ मध्ये मांडली. गूगलच्या गणितात पुढे कितीतरी गोष्टींची भर पडली, तरी लिंक एका विशिष्ट पत्त्यालाच दिलेली असते, यात फरक पडलेला नाही. डोमेन बदलले की दहा हजार पानांचे दहा हजार पत्ते एका रात्रीत नवे होतात. मजकूर तोच, पण शोधयंत्राला त्यातले एकही पान ओळखीचे नसते. वडिलोपार्जित जमीन वारसांच्या नावावर करताना ज्या गटाचा फेरफार राहून जातो, त्या गटाच्या सातबाऱ्यावर जुनेच नाव राहते. डोमेन बदलातही ज्या पानाची नोंद राहून जाते, त्या पानाची मिळकत जुन्या पत्त्यावरच अडकते.

डोमेन बदलल्याबद्दल शोधयंत्रे शिक्षा करतात, असा समज व्यवसायात फार पसरलेला आहे. त्याला आधार नाही. स्थलांतरानंतर जे नुकसान होते, ते बहुतेक वेळा सुटलेल्या पत्त्यांमुळे, जुन्या पत्त्यावरून नव्याकडे पाठवणाऱ्या चुकीच्या रीडायरेक्टमुळे किंवा त्याच मुहूर्तावर मजकुरात आणि मांडणीत केलेल्या फेरबदलांमुळे होते. ही तिन्ही कारणे टाळता येण्यासारखी आहेत.

वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच एका टिपणात, चांगले वेबपत्ते बदलत नसतात, अशी भूमिका घेतली होती. ती आजही योग्य आहे. नवे नाव अधिक आकर्षक वाटते, एवढ्यासाठी जुने डोमेन सोडू नये. मात्र काही वेळा इलाज नसतो. ‘द गार्डियन’ या ब्रिटिश वृत्तपत्राचा ऑनलाइन वाचकवर्ग ब्रिटनबाहेर वाढत गेला, तेव्हा २०१३ च्या जुलैमध्ये त्याने ‘गार्डियन डॉट को डॉट यूके’ हा देशाच्या नावाला बांधलेला पत्ता सोडून ‘द गार्डियन डॉट कॉम’ स्वीकारला. ब्रिटिश सरकारने १७ ऑक्टोबर २०१२ रोजी ‘डायरेक्टगव्ह’ आणि ‘बिझनेस लिंक’ ही दोन मोठी संकेतस्थळे बंद करून ‘गव्ह डॉट यूके’ सुरू केले आणि पुढच्या दोन वर्षांत मंत्रालयांची व शेकडो सरकारी संस्थांची संकेतस्थळे त्यात सामावून घेतली. कंपन्यांचे विलीनीकरण, ट्रेडमार्कचा वाद, हीदेखील नेहमीची कारणे आहेत.

भारतात अलीकडे अशी सक्ती बँकांवर आली. फसव्या संकेतस्थळांना आळा घालण्यासाठी बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ हे राखीव डोमेन देण्याची घोषणा रिझर्व्ह बँकेने ७ फेब्रुवारी २०२५ रोजी केली. २२ एप्रिलच्या परिपत्रकाने स्थलांतरासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही अंतिम मुदत ठरवली. नोंदणीचे काम हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेकडे देण्यात आले. नागरी सहकारी बँकाही या आदेशाच्या कक्षेत होत्या आणि देशात अशा बँका सर्वाधिक महाराष्ट्रात आहेत. मोठ्या बँकेकडे या कामासाठी स्वतंत्र विभाग असतो. तालुक्याच्या गावातल्या सहकारी बँकेचे संकेतस्थळ मात्र बहुधा बाहेरच्या एखाद्या माणसाने कधीतरी करून दिलेले असते. त्यामुळे हा विषय आता केवळ माध्यमसमूहांचा आणि ऑनलाइन दुकानांचा राहिलेला नाही.

स्थलांतराचे मुख्य साधन रीडायरेक्ट हे आहे. ब्राउझरने किंवा पाने वाचत फिरणाऱ्या शोधयंत्राच्या क्रॉलरने एखादे पान मागितले की सर्व्हर आधी तीन आकडी संकेत पाठवतो. ‘३०१’ या संकेताचा अर्थ, हे पान कायमचे दुसऱ्या पत्त्यावर गेले आहे, आणि सोबत तो नवा पत्ता. हा संकेत १९९६ च्या एचटीटीपी १.० पासून चालत आला आहे. ‘३०८’ हा त्याचाच नंतरचा भाऊबंद असून तोही कायमचाच. ‘३०२’ आणि ‘३०७’ तात्पुरत्या बदलासाठी आहेत. कोणता पत्ता खरा मानायचा हे ठरवताना गूगल कायमच्या रीडायरेक्टला ठळक इशारा मानते, तात्पुरत्याला क्षीण. काही साधनांत कोणताही पर्याय न निवडल्यास तात्पुरता रीडायरेक्ट लागतो. डोळ्यांना दोन्हींत काहीच फरक दिसत नाही, वाचक दोन्हींत नव्या पानावर पोहोचतोच. म्हणून सर्व्हरचे प्रत्यक्ष उत्तर तपासल्याशिवाय ‘रीडायरेक्ट लावला’ या शब्दावर विसंबू नये. पानात जावास्क्रिप्ट घालून वाचकाला पुढे पाठवणे हा शेवटचा उपाय आहे, सर्व्हरवर काहीच बदलता येत नसेल तेव्हाचा.

रीडायरेक्टमधून लिंकांचे थोडे वजन गळते, ही भीती अनेक वर्षे होती. २६ जुलै २०१६ रोजी गूगलचे गॅरी इल्येश यांनी, तीनशेच्या मालिकेतल्या रीडायरेक्टमुळे पेजरँक आता कमी होत नाही, असे जाहीरपणे सांगितले. त्यानंतर या एका कारणासाठी आवश्यक स्थलांतर अडवून ठेवण्यात अर्थ उरलेला नाही.

खरे कष्ट रीडायरेक्ट लावण्याआधीचे आहेत. संकेतस्थळावर नेमके कोणते पत्ते अस्तित्वात आहेत, हे मालकालाही बहुधा ठाऊक नसते. साइटमॅपमध्ये, म्हणजे शोधयंत्रांसाठी दिलेल्या यादीत, जे असतात ते केवळ अधिकृत पत्ते. त्याबाहेर दहा वर्षांपूर्वीच्या योजनेचे पान असते, मजकूर सांभाळणाऱ्या जुन्या प्रणालीतून (सीएमएस) राहिलेले पत्ते असतात, वार्षिक अहवालांच्या आणि अर्जांच्या पीडीएफ असतात, छायाचित्रे असतात. बँकेच्या बाबतीत तर लोक ज्या शोधातून येतात, तो पुष्कळदा एखाद्या अर्जाच्या पीडीएफवर किंवा शाखांच्या यादीवरच उतरतो. म्हणून यादी अनेक ठिकाणांहून गोळा करावी लागते: सीएमएसचा डेटाबेस, साइटमॅप, गूगलच्या ‘सर्च कन्सोल’ या साधनातील पानांचे अहवाल, बाहेरून आलेल्या लिंकांची यादी आणि सर्व्हरचे लॉग. यांत लॉग सर्वांत प्रामाणिक, कारण माणसांनी आणि क्रॉलरनी प्रत्यक्षात काय मागितले ते त्यात उतरलेले असते. बरेच होस्टिंगवाले लॉग थोड्या दिवसांनी पुसून टाकतात. तेव्हा स्थलांतर ठरताच लॉग साठवायला सुरुवात करावी.

या यादीतल्या प्रत्येक जुन्या पत्त्यासमोर नवा पत्ता लिहायचा. पत्त्यांची रचना तीच ठेवून फक्त डोमेन बदलायचे असेल, तर हे काम सर्व्हरच्या एका नियमात होते, आणि शक्य असेल तिथे हाच मार्ग धरावा. रचनाही बदलत असेल तर एक्सेलची भली मोठी शीट आणि चिकाटी यांना पर्याय नाही. एका पानाला एकच नवे पान, आणि तेही विषयाने तेच, हा दंडक. जुळणारे पान सापडत नाही म्हणून सगळे उरलेले पत्ते मुख्यपृष्ठावर ढकलून देणे ही या क्षेत्रातली सर्वांत जुनी आणि सर्वांत महाग पडणारी चूक आहे. गृहकर्जाच्या व्याजदराचे पान मागणाऱ्याला मुख्यपृष्ठ दाखवले तर वाचक वैतागतो, आणि गूगलही अशा रीडायरेक्टला ‘पान नाही’ असेच समजते. त्या पानाने मिळवलेले काहीच पुढे सरकत नाही.

जे पान खरोखर नको आहे, त्याला तसे स्पष्ट उत्तर द्यावे. ‘४०४’ म्हणजे पान सापडत नाही, ‘४१०’ म्हणजे ते काढून टाकले आहे. या बाबतीत ब्रिटिश सरकारच्या डिजिटल विभागाचे काम आदर्श मानावे असे आहे. त्यांनी जुन्या संकेतस्थळांवरचा एकही पत्ता बेवारस राहू नये असे ठरवून जुळणीची यादी केली, ती संगणकाकडून सतत तपासून घेतली आणि ज्या पानांना नवीन व्यवस्थेत जागा नव्हती, त्यांच्या जागी ‘४१०’चा संकेत देत नॅशनल आर्काइव्ह्जमधल्या जतन केलेल्या प्रतीकडे जाणारी लिंक ठेवली. नागरिकाने जपून ठेवलेली जुनी लिंक चालली पाहिजे, हा विचार त्यामागे होता. शोधातले स्थान टिकणे हे त्याचेच फळ.

मराठी संकेतस्थळांना इथे एक जादा अडचण आहे, आणि इंग्रजी मार्गदर्शिकांमध्ये तिचा उल्लेखही सहसा नसतो. अनेक मराठी वृत्तस्थळे आणि नियतकालिके शीर्षकावरून देवनागरी पत्ते तयार करतात. ब्राउझरच्या पट्टीत ते देवनागरी दिसले तरी सर्व्हरकडे जाताना त्यांचे टक्केचिन्हांच्या संकेतलिपीत रूपांतर होते. देवनागरीचे एक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते आणि प्रत्येक बाइटसाठी तीन अक्षरे लागतात. ‘पुणे’ हा शब्द चार चिन्हांचा. पत्त्यात तो ३६ अक्षरांचा होतो. या संकेतातली रोमन अक्षरे लहान लिपीत असोत की मोठ्या, अर्थ एकच. पण रीडायरेक्टचा नियम अक्षरशः तुलना करणारा असेल, तर त्याला हे दोन वेगळे पत्ते वाटतात आणि वाचकाला ‘पान सापडत नाही’ हे उत्तर मिळते. म्हणून तुलना नेहमी संकेत उलगडून, मूळ देवनागरी रूपात करावी.

त्याहून बारीक प्रश्न ‘ऱ’चा आहे. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द मराठी बातम्यांच्या शीर्षकांत रोज येतो. त्यातला ‘ऱ’ काही कळफलक एका स्वतंत्र चिन्हाने लिहितात, काही ‘र’खाली नुक्ता देऊन, तर काही ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. तिन्ही पडद्यावर जवळपास सारखेच दिसतात. पत्ते म्हणून ते तीन निरनिराळे आहेत. पहिल्या दोघांना युनिकोडच्या प्रमाणीकरणाने एका रूपात आणता येते. तिसऱ्याला मात्र येत नाही, त्याच्यासाठी वेगळा नियम लिहावा लागतो. जुळणीची शीट कोणी हाताने टाइप करून भरत असेल, तर अशा पत्त्यांची जोडी हमखास चुकते. पत्ते नेहमी डेटाबेसमधून किंवा लॉगमधूनच घ्यावेत, पुन्हा टाइप करू नयेत.

वर्डप्रेसवर चालणाऱ्या संकेतस्थळांत आणखी एक गुंता असतो. वर्डप्रेस लेखाच्या पत्त्याचा भाग २०० अक्षरांवर कापतो, आणि ही अक्षरे संकेतलिपीतली मोजली जातात. म्हणजे देवनागरी शीर्षकाची जेमतेम बावीस चिन्हे पत्त्यात मावतात. एकाच शब्दसमूहाने सुरू होणाऱ्या दोन बातम्यांचे पत्ते त्यामुळे सारखे होतात आणि दुसऱ्याला शेवटी ‘२’ चिकटतो, तिसऱ्याला ‘३’. नव्या व्यवस्थेत लेख आयात करताना हे पत्ते शीर्षकांवरून नव्याने तयार झाले, किंवा आयातीचा क्रम उलटला, तर एका बातमीचा पत्ता दुसऱ्या बातमीला जातो. हा बिघाड लवकर लक्षात येत नाही, कारण पान उघडते. फक्त ते भलतेच असते. जुने पत्ते जसेच्या तसे, कापलेल्या रूपातच आयात करणे हाच यावरचा उपाय.

नवे डोमेनच देवनागरीत असेल, उदाहरणार्थ ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘डॉट भारत’मधले, तर सर्व्हरच्या मांडणीत, प्रमाणपत्रात आणि रीडायरेक्टच्या नियमांत त्याचे प्युनीकोड हे रोमन रूप द्यावे लागते.

नवे डोमेन घेताना त्याचा पूर्वेतिहास पाहावा. आधी कोणी वापरून सोडलेले डोमेन असेल, तर त्यावर काय होते ते इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये दिसते. जुगाराच्या जाहिराती किंवा विकत घेतलेल्या लिंकांचा साठा असलेले नाव स्वस्तात मिळाले तरी टाळावे. डोमेनची मालकी सर्च कन्सोलमध्ये सिद्ध केल्यावर, त्यावर गूगलने पूर्वी हाताने केलेली कारवाई चालू असल्यास तीही तिथे दिसते. स्थलांतराच्या आधी काही आठवडे नव्या डोमेनवर एखादे साधे पान ठेवून ते सुरू करून ठेवणे चांगले.

स्थलांतर आणि नवी मांडणी एकत्र करण्याचा मोह संस्थांना हटकून होतो. खर्च एकदाच, उद्घाटन एकदाच. पण शोधातले स्थान घसरले तर कारण शोधायचे कुठे? डोमेन बदलल्याने घसरले, की पानांवरचा मजकूर अर्धा केल्याने, की मेनूतून काही विभाग गाळल्याने, हे मग कोणालाच सांगता येत नाही. आधी डोमेन बदलावे, आकडे स्थिर झाल्यावर मांडणीला हात घालावा. बँकांना मुदतीमुळे घाई होती, तरी मांडणी बदलण्याची घाई त्यांच्यावर कोणी लादलेली नव्हती.

नवे संकेतस्थळ तयार होत असताना ते शोधयंत्रांपासून दूर ठेवणे आवश्यक असते. त्यासाठी पासवर्ड लावणे सर्वांत सुरक्षित. ‘इंडेक्स करू नका’ अशी खूण प्रत्येक पानावर घालण्याची पद्धतही आहे, पण ती खूण उद्घाटनाच्या दिवशी काढायची राहिली, तर संकेतस्थळ स्वतःच शोधातून बाहेर पडते. हा प्रकार वाटतो त्यापेक्षा पुष्कळ वेळा घडतो.

प्रत्यक्ष बदलासाठी वर्दळ कमी असेल अशी वेळ निवडावी. ऑनलाइन दुकानाने दिवाळीच्या तोंडावर आणि वृत्तस्थळाने निवडणुकीच्या आठवड्यात हे काम काढू नये. लहान-मध्यम संकेतस्थळ एकाच वेळी हलवावे. फार मोठे असेल तर विभागवार हलवता येते. काही दिवस आधी डीएनएसच्या, म्हणजे नावावरून सर्व्हर शोधून देणाऱ्या व्यवस्थेतल्या, नोंदींची मुदत कमी करून ठेवली की बदल लवकर पसरतो.

रीडायरेक्ट सुरू झाल्यावर नव्या पानांच्या आतल्या सर्व खुणा नव्या पत्त्यांकडे बोट दाखवणाऱ्या हव्यात. अंतर्गत लिंक, बातमीचे किंवा उत्पादनाचे संरचित तपशील, भाषावार आवृत्त्यांच्या खुणा आणि विशेषतः कॅनॉनिकल खूण. एकच मजकूर अनेक पत्त्यांवर असताना मूळ कोणता हे सांगणारी ही खूण गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी फेब्रुवारी २००९ मध्ये एकत्रितपणे स्वीकारली. नवीन पानावर ती जुन्याच डोमेनची राहिली, तर रीडायरेक्ट नव्याकडे पाठवतो आणि खूण परत जुन्याकडे, असा तिढा पडतो. साइटमॅपही नव्या पत्त्यांचा द्यावा. एका फाइलमध्ये ५०,००० पत्ते मावतात. जुन्या पत्त्यांचा साइटमॅप काही काळ सर्च कन्सोलमध्ये ठेवल्यास गूगलला रीडायरेक्ट लवकर सापडतात.

दोन चुका इथे वारंवार होतात. पहिली म्हणजे ‘आता जुने संकेतस्थळ नको’ म्हणून त्याच्या रोबोट्स फाइलमध्ये क्रॉलरला बंदी घालणे. बंदी घातली की क्रॉलर जुन्या पानांपर्यंत जातच नाही, आणि तिथे लावलेला रीडायरेक्ट त्याला दिसतच नाही. दुसरी म्हणजे जुन्या डोमेनचे सुरक्षा प्रमाणपत्र संपू देणे. सुरक्षित जोडणी आधी होते, रीडायरेक्ट नंतर मिळतो. प्रमाणपत्र संपलेले असेल तर वाचकाला नवा पत्ता मिळण्याऐवजी धोक्याचा इशारा दिसतो. बँकेच्या ग्राहकाने असा इशारा पाहिला तर तो परत फिरणारच.

रीडायरेक्टची साखळी लांबू देऊ नये. पूर्वी कधी पत्त्यांची रचना बदललेली असेल तर पहिल्या पत्त्यावरून दुसऱ्यावर, तिथून नव्या डोमेनवर, तिथून सुरक्षित जोडणीवर असे टप्पे तयार होतात. गूगलचा क्रॉलर दहा टप्प्यांपर्यंत पाठपुरावा करतो, पण तीनच्या आत आवरावे असा त्याचाच सल्ला आहे. सर्वांत जुन्या पत्त्यालाही थेट अंतिम पत्ता देणे उत्तम.

सर्च कन्सोलमध्ये पत्ताबदल कळवण्याची सोय आहे. जुन्या आणि नव्या दोन्ही डोमेनची मालकी एकाच खात्यातून सिद्ध केलेली असावी लागते आणि रीडायरेक्ट आधी लागलेले असावे लागतात. हे साधन केवळ पूर्ण डोमेन बदलण्यासाठी आहे. एका विभागाचा पत्ता बदलल्यास त्याचा उपयोग नाही. ते रीडायरेक्टच्या जोडीला आहे, त्याच्या जागी नाही.

यानंतर काही आठवडे स्थान वरखाली होते. मध्यम आकाराच्या संकेतस्थळाची बहुतेक पाने या काळात नव्या पत्त्यावर सरकतात, मोठ्याला जास्त वेळ लागतो. क्रॉलर नव्या डोमेनवर एकदम जास्त येऊ लागतो, त्यामुळे सर्व्हरला तो भार पेलला पाहिजे. घबराटीत रीडायरेक्ट काढून जुने संकेतस्थळ पुन्हा सुरू करणे हे सर्वांत वाईट. त्यापेक्षा रोज लॉगमधून ‘४०४’ उत्तरे काढून त्यातले सुटलेले पत्ते जुळणीत भरत जावे. संपूर्ण संकेतस्थळाचे स्थान सारखेच घसरले असेल तर दोष प्रमाणपत्र, रोबोट्स फाइल, कॅनॉनिकल खूण अशा सर्वव्यापी जागी असतो. ठरावीक पानेच पडली असतील तर दोष जुळणीत असतो. तुलना मागच्या आठवड्याशी न करता मागील वर्षीच्या त्याच काळाशी करावी. शाळाप्रवेशाचे किंवा पीककर्जाचे शोध हंगामी असतात.

बाहेरच्या महत्त्वाच्या लिंक बदलून घेण्याचा प्रयत्नही करावा. विकिपीडियावरचे संदर्भ, संघटनांच्या सदस्ययाद्या, नकाशावरची व्यवसाय नोंद, समाजमाध्यमांवरची खाती इथून सुरुवात करावी. पासबुकांवर, पावत्यांवर आणि भिंतींवर छापलेले क्यूआर कोड बदलता येत नाहीत. ते जुन्या डोमेनवरच येत राहणार.

रीडायरेक्ट किती काळ ठेवावेत? पत्ताबदलाच्या साधनाचा परिणाम १८० दिवसांचा असतो आणि गूगल रीडायरेक्ट किमान एक वर्ष ठेवायला सांगते. हे शोधयंत्रापुरते झाले. पुस्तकांच्या तळटिपांत, न्यायालयीन कागदपत्रांत, विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत दिलेले जुने पत्ते वर्षभरात नाहीसे होत नाहीत. ‘गार्डियन’चे स्थलांतरापूर्वीचे पत्ते वर्षानुवर्षे नव्या डोमेनवर पोहोचवले जात राहिले, ते योग्यच आहे. शिवाय सोडून दिलेले डोमेन कोणीही विकत घेऊ शकतो. त्याला सगळ्या जुन्या लिंक आयत्या मिळतात, आणि जुन्या पत्त्यांवर येणारी ई-मेलही. बँकेच्या सोडलेल्या डोमेनवर हुबेहूब तिच्यासारखे पान उभारणे फसवणाऱ्याला अवघड नाही, आणि ‘डॉट बँक डॉट इन’चा सारा खटाटोप तर अशी फसवणूक रोखण्यासाठीच होता.

तेव्हा स्थलांतर झालेल्या प्रत्येक संस्थेने जुने डोमेन नेमके कोणाच्या नावावर आणि कोणत्या ई-मेलवर नोंदलेले आहे ते आजच पाहावे. ती नोंद काम सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याच्या किंवा बाहेरच्या कंत्राटदाराच्या नावावर असेल तर संस्थेच्या नावावर करून घ्यावी, नूतनीकरण एकदम अनेक वर्षांचे करावे आणि त्याचा खर्च दरवर्षीच्या अंदाजपत्रकात कायमचा धरावा.